गिटार फोडण्याचा परवाना

१९६८ साली क्लॅगडेन नगरपालिकेच्या सभागृहात कुणाला गिटार फोडायची असेल, तर तीन दिवस आधी लेखी अर्ज करावा लागे. हा नियम मी केलेला नाही. मी परवाना विभागातला साधा कारकून, पिलिंग. कुत्री, हातगाड्या, शोभेची दारू आणि बंडखोर तरुण एवढे विषय माझ्या टेबलावर येत. आदल्या वर्षी एका वाद्यवृंदाच्या बंडखोरीतली ढलपी उडून महापौरांच्या बायकोच्या टोपीत रुतली, तेव्हापासून अर्ज छापून घेतले होते.

अटी सोप्या होत्या. गिटार एकच, अग्निशमन केंद्रातून तपासून आणलेली. वाळूच्या बादल्या दोन. फोडण्याची वेळ रात्री आठ चाळीस ते आठ पंचेचाळीस. समाजव्यवस्थेविरुद्ध घोषणा जास्तीत जास्त तीन, त्यांत नगरपालिकेचा उल्लेख नको.

त्या शुक्रवारी 'नऊ जांभळ्या छत्र्या' यांचा कार्यक्रम होता. हे चौघेच. आईच्या पडद्यांचे सदरे शिवून घालायचे, आणि लंडनच्या रेडिओवर वाजल्यापासून त्यांचं नाव देशभर झालं होतं. नाव झालं ते मात्र नेव्हिल क्लेगमुळे. शेवटच्या गाण्यात तो आपली लाल गिटार जमिनीवर आपटून फोडायचा आणि पोरं वेडी व्हायची.

गंमत अशी की गिटार दरवेळी तीच असायची. अर्जात वाद्याचा क्रमांक लिहावा लागतो, म्हणून मला ठाऊक. नेव्हिलचा शाळेपासूनचा मित्र विल्फ हॉल्ट हा सुतार. तो तुकडे गोळा करायचा, सरस लावून शिकंज्यात आवळायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गिटार पुन्हा फोडायला तयार. असं एकावन्न वेळा झालं होतं. कारखान्याचं त्यात फारसं काही उरलं नव्हतं, सगळा विल्फचाच हात.

शुक्रवारी दुपारी नेव्हिल माझ्या खिडकीशी आला. डोळे सुजलेले.

"पिलिंगसाहेब, आजचं फोडणं रद्द करा."

"कारण?"

"विल्फ गेला. मंगळवारी काम करता करता छातीत कळ आली. उद्या सकाळी अंत्यविधी आहे. त्याची आई म्हणते, चॅपलमध्ये तीच गिटार वाजव. आज फोडली तर जोडणार कोण?"

मला खरंच वाईट वाटलं. मी त्याला चहा दिला आणि नियमांचं पुस्तक काढलं. मंजूर काम रद्द करायला समितीची बैठक लागते. ती पुढच्या महिन्यात.

"मग दुसरी फोडतो. बाजारातून एखादी मोडकी घेऊन येतो."

"तपासणी तीन दिवस आधी, बाबा."

"मग काहीच फोडत नाही. गुमान वाजवतो नि घरी जातो."

"असं कसं? जाहिरातीत बंडखोरी छापलीय. लोकांनी तिकिटं काढलीत. ही फसवणूक होते."

एवढ्यात समितीचे अध्यक्ष ग्रिमशॉ बाहेर आले. याच माणसाने रविवारच्या प्रार्थनेनंतर या पोरांना संस्कृतीचे मारेकरी म्हटलं होतं.

"हे बघ पोरा," ते म्हणाले, "तू बंड करणार म्हणून आम्ही दोन पोलीस नि एक झाडूवाली जादा बोलावलीय. आता ऐन वेळी सभ्यपणा करायला लागलास तर गावानं करायचं काय?"

"माझा मित्र मेलाय हो."

"त्याचं पालिकेला दुःख आहे, तसं पत्र देऊ. तू आठ चाळीसला फोड."

आठ चाळीसला नेव्हिल पुढे आला, "हे विल्फसाठी" म्हणाला आणि खुर्चीवर बसून हळू आवाजात वाजवू लागला. समोर आठशे पोरंपोरी, केसांत फुलं, छातीवर शांतीचे बिल्ले. अर्धं मिनिट त्यांना काही कळेना. मग मागून कुणीतरी ओरडलं, "फोड." पाठोपाठ सगळं सभागृह ओरडू लागलं. गालावर कबुतर रंगवलेल्या एका मुलीने बूट काढून फेकला.

नेव्हिलने वाजवणं पुरं केलं, गिटार खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर आपला कोट पांघरला. "नाही फोडणार," तो म्हणाला.

"पिलिंग," पडद्याआड माझ्या शेजारी उभे असलेले ग्रिमशॉ म्हणाले, "कलम अकरा."

परवानाधारक मंजूर काम करण्यात कसूर करील, तर पालिका ते स्वतः पार पाडील, असं ते कलम. आम्ही ते वाढलेली कुंपणं छाटण्याच्या नियमांतून जसंच्या तसं उतरवलं होतं. मी चष्मा खिशात ठेवला, बाह्या दुमडल्या आणि रंगमंचावर गेलो. नेव्हिलने माझं मनगट धरलं.

"साहेब, नका हो. त्याचं एवढंच उरलंय माझ्याकडे."

मी म्हणालो, "मी फक्त अंमलबजावणी करतोय."

तिसऱ्या घावाला गिटारची मान तुटली. विल्फने जोडलेला एकही सांधा सुटला नाही, लाकूड भलतीकडेच फाटलं. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. आठ पंचेचाळीसच्या आत काम झालं होतं.

सकाळी मी चॅपलमध्ये मागच्या बाकावर बसलो. पालिकेचं पत्र द्यायचं होतं. नेव्हिल पुढे हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. विल्फच्या आईने विचारलं तेव्हा म्हणाला, "आणली नाही, मावशी."

"असू दे रे," ती म्हणाली. "आज संध्याकाळी तुला ती दुसऱ्या गावी फोडायला लागणार असेल."

त्याला किती वर्षं झाली, अजून लोक मला शोधत येतात. तुकडे किती झाले, आवाज कसा आला, एखादी ढलपी विकायची आहे का, असं विचारतात. मीही कौतुकाने सांगतो, अकरा तुकडे. नेव्हिलने त्या तीन मिनिटांत काय वाजवलं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं, कारण पडद्याआडून मीही "फोड, फोड" करत होतो. तुम्ही तर निवांत बसून वाचत होतात. तुम्ही का नाही विचारलंत?