चावी पेणला, कुलूप रोह्याला

सरपंच म्हणून निवडून आल्यावर सगुणा पहिल्यांदा ग्रामपंचायतीच्या पायरीशी गेली, तेव्हा दाराला कुलूप होतं आणि चावी पेणला गेली होती. ग्रामसेवक दिनानाथ भाऊसाहेबांची आदल्याच दिवशी तिकडे बदली झाली. सामानासकट, निरोपाच्या नारळासकट आणि खिशातल्या चावीसकट ते निघून गेले होते. एवढ्यानं आभाळ कोसळलं नसतं, पण गावच्या नळाच्या पंपाचं बटण त्याच खोलीत होतं.

"गो सगुणे, मत तुला दिलं नि पाणी मी शेंदतेय," विहिरीवर शेजारची सरू म्हणाली.

सगुणानं रोह्याहून पेणची एसटी धरली. दिनानाथ माणूस भला. त्यांनी चहा मागवला, चावी काढून टेबलावर ठेवली.

"हीच ती. हात लावून बघा. पण देता यायची नाय."

"का वो?"

"चार्ज नव्या ग्रामसेवकाला द्यायचा असतो. सरपंचाला नाय."

"नवा कधी येनार?"

"जागा भरली की."

"आन् तवर पानी?"

"ताई, पाण्याचं मला काय विचारता? मी आता पेणचा," असं म्हणून त्यांनी चावी जपून खिशात घातली. सरकारी वस्तू, हरवायला नको.

रोह्याच्या पंचायत समितीतले साहेब त्याहून भले. "तोडा की कुलूप," ते म्हणाले, "फक्त ग्रामपंचायतीचा ठराव आणा."

मुसाभाईच्या दुकानाच्या ओट्यावर सभा भरली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या सदस्यांनी एकदिलानं हात वर केले. साहेबांनी ठराव वाचला, अक्षराचं कौतुक केलं आणि परत दिला. "सभा कार्यालयात व्हायला हवी. ओट्यावरची चालत नाही."

"कार्यालयाला कुलूप हाय, साहेब."

"म्हणून तर ठराव हवा," साहेब समजुतीनं म्हणाले. "आणि ठरावाशिवाय सरकारी मालमत्तेला हात लावलात, तर पद जाईल हं."

मुसाभाईनं घण आणून दिला. "ताई, एक घाव घाला, काम खलास."

सगुणानं घण उचलला, आणि खाली ठेवला. गावानं विश्वासानं दिलेलं पद एका कुलपापायी घालवायचं तिच्या जिवावर आलं. मग सरू हंडा घेऊन दारावरून गेली की ती उगाच घरात काहीतरी शोधू लागे.

असे काही महिने गेले. नवा ग्रामसेवक आला नाही, हुकूम मात्र आला. कार्यालयात एकही मासिक सभा न घेतल्याबद्दल सगुणाचं सरपंचपद रद्द, ग्रामपंचायत बरखास्त. सोमवारपासून गावावर प्रशासक. कोण, तर पेणचे दिनानाथ, अतिरिक्त कार्यभार.

सगुणाला आधी रडू आलं. पदर डोळ्यांना लावला आणि तिच्या ध्यानात आलं, की आता जाण्यासारखं काही उरलंच नाही. सोमवारी सकाळी उठून ती मुसाभाईकडे गेली.

"मुसाभाय, घण द्या."

एका घावात कुलपाचे दोन तुकडे झाले. पंप घरघरला, खोकला आणि सुरू झाला.

दुपारी दिनानाथ मोटारसायकलवरून चावी घेऊन आले. तुकडे बघून पायरीवरच बसले. "कोणी तोडलं?"

"गावानं," सगुणा म्हणाली.

भाऊसाहेबांनी दोन तुकडे एकमेकांना जुळवून बघितले. तक्रार करावी, तर कार्यभाराच्या पहिल्याच दिवशी मालमत्तेची नासधूस, आणि जबाबदार कोण, तर प्रशासक. शेवटी हळूच म्हणाले, "ताई, कुलूप चावीनंच उघडलं, असं म्हणूया का?"

"म्हना की."

पुढच्या आठवड्यात रोह्याचे साहेब जातीनं आले. त्यांनी दिनानाथांना शाल घातली आणि सांगितलं, की लोकांनी निवडून दिलेल्यांना जे महिनोन् महिने जमलं नाही, ते प्रशासनानं एका दिवसात करून दाखवलं. टाळ्या कमी पडल्या. बायका नळावर होत्या.

"गो, परत उभी राशील का?" हंडा भरता भरता सरूनं विचारलं.

"राहीन की," सगुणा म्हणाली. "पन या टायमाला आधी कुलूप तोडीन, मंग खुर्चीत बसंन."