भज्यांच्या वासाचं इंजिन

“डिझेल गेलं खड्ड्यात! माह्यं इंजिन करडीच्या तेलावर चालते!” देऊळघाटच्या किसनरावांनी पारावर मांडी ठोकून जाहीर केलं. डिझेलच्या टंचाईचं साल होतं. पंपावर दिवस मोडायचा आणि माणूस रिकामा डबा वाजवत परत यायचा.

पारावर बसलेले रामराव खूश झाले. “देशाचं डिझेल वाचवलं बाप्पा!”

वामनराव खेकसले, “खायचं तेल मशीनले पाजलं, त मानसानं काय ग्रीस खावं?”

नेमकं हेच किसनरावांच्या शालूबाई म्हणाल्या होत्या. तेलघाण्यावरून आणलेला वर्षाचा तेलाचा डबा नवऱ्यानं विहिरीवर नेला, हे पाहताच त्यांनी पिशवी भरली आणि रोहिणखेडला माहेर गाठलं. संक्रांत उलटली तरी पत्ता नाही! आणायला जावं तर किसनरावांचा मान आडवा येई, न जावं तर घर खायला उठे. तेलाचं नाव काढून शिव्या द्यायलासुद्धा घरात कोणी नव्हतं!

गव्हाला पाणी द्यायला त्यांनी इंजिन लावलं. फटफट धूर निघाला आणि किसनराव जागीच थबकले. धुराला तळणाचा वास! शालूबाई भज्यांची कढई चढवायच्या, अगदी तोच! त्यांचे डोळे भरून आले. गव्हाची तहान भागली, तरी इंजिन बंद करायला हात धजेना. रोज तेच. वाफ्यांत बेडकं ओरडू लागली!

वास गावभर गेला. शेजारच्या झुंबरबाई ताटली घेऊन किसनरावांच्या दारात आल्या, तर दाराला कुलूप! त्यांनी रोहिणखेडला निरोप धाडला, “शालू, तुह्या नवऱ्यासाठी रोज कोनीतरी भजे तळून राह्यलं!”

दुसऱ्या दिवशी पहिल्याच एसटीनं शालूबाई उतरल्या, पदर खोचूनच. तडक विहिरीवर!

“कोन हाय ते सटवी? दाखवा मले!”

किसनरावांनी इंजिनाकडे बोट केलं.

शालूबाईंनी धूर हुंगला. गव्हाचं तळं पाहिलं. मग नवऱ्याचं काजळी माखलेलं तोंड आणि त्यावर डोळ्यांखाली ओघळलेल्या दोन रेघा. त्यांनी पुढं होऊन इंजिन बंद केलं.

“घ्याले काऊन नाई आले?”

“आलो असतो त तू आली असती?”

“त्याच दिवशी.”

“लय आठवण आली व तुही. आज तुह्या हातचे भजे कर.”

“करते न. बेसन हाय, कांदे हायेत. तळू कशात?”

किसनरावांनी रिकाम्या डब्यात डोकावून पाहिलं. शालूबाईंनी माहेरून बांधून आणलेली भाकर सोडली, कांदा फोडला. विहिरीच्या काठावर दोघं जेवायला बसली. किती दिवसांनी घास गोड लागत होता!

“टाकीत घोटभर असन अजून,” किसनराव हळूच म्हणाले. “भाकरीसंगं वासापुरतं इंजिन लावू का?”