हवेतलं पाचवं होल

आमच्या भालेरावकाकांचं एक होल हवेत आहे. जालना एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपात पेरणीयंत्राच्या लोखंडी प्लेटा बनतात. मशीन प्लेटला चार होल पाडतं. मग ड्रिल वीतभर वर जातं, थांबतं आणि रिकाम्या हवेतच सावकाश बोटभर खाली उतरून पाचवं होल पाडतं. खाली ना लोखंड, ना भुगा. तरी त्या नऊ सेकंदांत ड्रिलचा आवाज जड होतो. मी इंजिनिअर आहे, असल्या गोष्टी मला पटत नाहीत, पण होतो.

मशीनचे प्रोग्राम काका लिहितात. ड्रॉइंग बदललं की कॉम्प्युटरवरच्या यादीतलं नको असलेलं होल किंवा खाच काढून टाकायची, एवढंच काम. पण काका काही पुसतच नाहीत. त्यांनी डिलीटच्या बटणावर जखमेला लावतात ती पट्टी चिकटवली आहे. म्हणतात, "पुसायचं न्हाई. बाजूला बसवायचं." यादीतल्या होलांची ते घरच्यांसारखी चौकशी करतात. "दोन नंबर आज नाराज दिसून राह्यलंय," म्हणतात, आणि नेमकं दोन नंबरलाच ड्रिल तुटतं. मी जाम वैतागायचो.

हवेतल्या होलाला भिऊन एकदा ऑपरेटर गणेशने मशीनला लिंबू-मिरची बांधली. काका दर रविवारी विहारात जाणारे. ते तडकलेच.

"मी भुताखेताला मानत न्हाई. काढ ते जल्दी!"

गणेशने काढलं. मग काका हळूच म्हणाले, "त्याला लिंबू चालत न्हाई."

त्याला म्हणजे कोणाला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मग नवे मॅनेजर आले. त्यांनी घड्याळ लावून पाहिलं आणि मला फर्मावलं, "ते फालतू होल आजच्या आज काढा." मला आनंदच झाला. जेवणाच्या सुट्टीत मी काकांच्या खुर्चीवर बसलो, पाचवं होल निवडलं आणि बटणावरची पट्टी सोलायला लागलो.

"थांब, देशमुख."

काका मागे उभे होते. कधीचे, कोण जाणे.

"ते रऊफचं हाय," ते म्हणाले. "ह्या मशीनवर तो ऑपरेटर होता. पंधरा वर्षं आमचा डबा एक. तो म्हने, प्लेटला मधी पाचवं होल पायजे, न्हाईतर शेतात हालते. मी म्हनलो, काही गरज न्हाई. साहेबांनी त्याचं ऐकलं. मंग मी बोलनंच सोडलं. अकरा दिवस येगळं जेवलो. बाराव्या दिवशी कंपनीचा कागद आला, पाचवं होल रद्द. मी बराबर निघालो! कागद घेऊन त्याच्या मशीनपाशी गेल्तो, तोंडावर दाखवायला. तो आल्ताच न्हाई. पहाटंच हार्टअटॅकनं गेल्ता."

मी खुर्चीवरून उठलो. मला माझीच लाज वाटली.

"पुसलं असतं तर मी जिंकलो असतो ना," काका म्हणाले. "मेलेल्या मानसाशी कसं जिंकायचं? म्हनून वर उचलून ठिवलं."

मॅनेजरला मी समजावतो, असं म्हणालो. काकांनी मान हलवली. "न्हाई. किती दिवस अडकून ठिवू त्याला." पट्टी त्यांनीच सोलली, बटणही त्यांनीच दाबलं.

गणेशने नवी प्लेट लावली. चार होल झाली. ड्रिल वर जाऊन गप्प झालं. गणेश मशीनचं दार उघडायला पुढे झाला, तर काकांनी त्याचा हात धरला. बंद मशीनसमोर आम्ही तिघं ते नऊ सेकंद उभे राहिलो. सुट्टीमुळे शॉपमधली बाकीची यंत्रंही बंद होती.

काकांनी दाराच्या काचेवर तळवा टेकवला.

"रऊफ," ते म्हणाले, "तूच बराबर होता, भाई. चल, जेवून घेऊ."