निरोगी घसा हवा आहे

मशीनने साहेबांना आजारी ठरवलं आणि टेक्निशियन बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

घशातले जंतू तासाभरात ओळखणारं हे मशीन हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चाचणीपुरतं आलं होतं. त्यासाठी बाईंनी साहेबांचं कितीतरी डोकं खाल्लं होतं. उद्या कंपनीचा माणूस येणार; साहेब नको म्हणाले की मशीन आल्या पावली परत. मशीन पारखायला एक घसा खात्रीने निरोगी लागतो. तो मान या लॅबमध्ये वर्षानुवर्षं साहेबांचा. प्रत्येक नव्या तपासणीसाठी ते असा आ करत, जणू उद्घाटनच करतायत.

"जंतू? मला?" साहेब घोगऱ्या आवाजात गरजले. "भंगार आहे हे! आठवडाभर तुमच्यावर ओरडून घसा बसलाय माझा!"

"माझंच काही चुकलं असेल, सर. परत लावते."

बाईंनी टेबल पुसलं, हातमोजे बदलले, किटचं नवं खोकं फोडलं. साहेबांनी पुन्हा आ केला. मशीनही हट्टाला पेटलेलं: साहेब पॉझिटिव्ह आणि आजारी नमुना म्हणून निवडलेल्या, वॉर्डात घसा धरून बसलेल्या आजी निगेटिव्ह! मग नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून तिसऱ्यांदा. तेच. कुणी प्लग काढून पुन्हा घातला, कुणी मशीनवर पंखा फिरवला. साहेब खोकत खोकत देखरेख करत होते. लॅबमधल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेऊन झाला; साहेबांच्या घशावर घ्यायची कुणाची छाती नव्हती.

"प्लेटवर लावा," साहेब म्हणाले. "जंतू वाढवायचे आणि डोळ्यांनी बघायचे. माझी प्लेट कधी खोटं बोलत नाही."

बाईंनी सगळे नमुने प्लेटवर लावून उबदार पेटीत ठेवले. घरी जेवताना नवऱ्याला त्यांनी मशीनशिवाय दुसरा विषयच काढू दिला नाही.

सकाळी साहेबांनी एक लाल प्लेट उजेडात धरली आणि ते हरखलेच. प्रत्येक ठिपक्याभोवती स्वच्छ कडं!

"वा! काय जोमदार वाढ आहे! पुस्तकात छापावी अशी! औषध लगेच सुरू करा. पेशंट कोण?"

बाईंनी प्लेटच्या पाठीवरच्या चिठ्ठीकडे बोट केलं. "तुम्ही, सर."

साहेबांनी प्लेट उलटी करून चिठ्ठी वाचली. मग हळूच आपला गळा चाचपला. "म्हणजे मशीन..."

"बरोबर होतं, सर! पहिल्यापासून!" बाईंना उड्या माराव्याशा वाटल्या. साहेब आजारी आहेत हे आठवून त्यांनी कसाबसा आवर घातला.

तेवढ्यात कंपनीचा माणूस दारात. "फक्त एक निरोगी नमुना दाखवा, मॅडम. मग मशीन तुमचं."

बाईंनी हौसेने स्वतःचा दिला. पॉझिटिव्ह. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा घेतला. पॉझिटिव्ह. शिपाईमामांचाही तोच प्रकार. आठवडाभर साहेब प्रत्येकाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन रागावले होते, त्यात कुणावरही अन्याय झाला नव्हता.

बाई मास्क चढवून वॉर्डात धावल्या. "आजी, जरा आ करा बघू. आम्हाला एक निरोगी घसा हवाय. जंतू नसलेला तुमचाच तेवढा सापडला!"

आजींनी बाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग पांघरूण बाजूला सारून चपला शोधायला लागल्या.

"घे, काय घ्यायचं ते घे," त्या म्हणाल्या. "आणि मग तूच पड गं इथे. मी निघाले घरी."