न मरणारी तक्रार

तक्रार कशी लिहावी हे साहेबांना कोणी शिकवायची गरज नव्हती, कारण तक्रार कशी मारावी हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बत्तीस वर्षं ते तक्रारींच्या खिडकीत बसले होते. पद कारकुनाचं, पण थाट असा की निवृत्तीनंतरही सगळी गल्ली त्यांना साहेबच म्हणायची. अर्जावर तारीख नाही, परत. तारीख आहे पण सही तिरकी, परत. आणि सगळंच ठीकठाक असेल तर कोपऱ्यात ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारून साहेब खाली सही ठोकत. मग तो अर्ज कपाटात जाऊन जो झोपे, तो झोपेच.

आता तक्रार करायची पाळी त्यांच्यावरच आली होती. त्यांची बायको कपडे शिवायची. स्टुलावरून पडून तिचं उजवं मनगट मोडलं. इस्पितळात प्लास्टर घातलं ते इतकं आवळून, की दुसऱ्या दिवशी बोटं वांग्यासारखी निळी पडली. ती तीनदा दाखवायला गेली आणि तिन्ही वेळा तिला सांगण्यात आलं, थोडं दुखणारच, सहन करा. पाच आठवड्यांनी प्लास्टर निघालं, तेव्हा बोटं मिटेनात. कात्री हातात राहीना. मशीनवर चादर टाकून ती नुसती बसून राहू लागली, आणि हे मात्र साहेबांना बघवेना.

“मोठ्या डॉक्टरांनी एकदा नीट बघावं, एवढंच माझं म्हणणं आहे,” ती म्हणाली.

“बघतील! मी लिहिलेली तक्रार कोणाच्या बापाला मारता येणार नाही,” साहेब म्हणाले आणि कामाला लागले.

नऊ दिवस घरात टाचण्यांचा सडा होता. अकरा पानांचा अर्ज, सोबत चौदा जोडपत्रं, त्यांची अनुक्रमणिका, आणि अनुक्रमणिकेच्या दोन प्रती. बायको दोनदा म्हणाली, अहो, आपण सरळ जाऊन दाखवू या का? साहेबांनी तिच्याकडे, विजेच्या बटणाशी खेळणाऱ्या लहान मुलाकडे बघावं, तसं बघितलं.

दहाव्या दिवशी दोघं इस्पितळात गेली. तक्रारींची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. आत चष्मा लावलेली एक तरुण अधिकारी बसली होती. बायकोला बाहेरच्या बाकावर बसवून साहेब एकटेच आत गेले. अधिकारीबाईंनी अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का मारला आणि चक्क वाचायला सुरुवात केली! पहिलं पान, दुसरं पान, अकराही पानं. साहेब थक्क झाले. बत्तीस वर्षांत त्यांनी तिसऱ्या ओळीपुढे एकही अर्ज वाचला नव्हता. हे असंही करता येतं, हे त्यांच्या गावीच नव्हतं. त्यांना त्या पोरीचा इतका आदर वाटला, की उठून नमस्कार करावा.

“काका, फार मुद्देसूद लिहिलंय,” ती म्हणाली. “फक्त पहिल्या पानावर तुमची सही राहिलीय.” तिने अर्ज त्यांच्यापुढे सरकवला आणि पेन दिलं.

समोर टेबल, टेबलावर शिक्का मारलेला अर्ज, हातात पेन. साहेबांचा हात आपसूक कोपऱ्याकडे गेला. वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं, ‘दप्तरी दाखल’. खाली झोकदार सही केली, तारीख टाकली आणि अर्ज बाजूला सारून पुढच्या माणसासाठी मान वर केली.

पुढचा माणूस नव्हता. अधिकारीबाई कागदाकडे बघत होत्या.

“काका, ही तक्रार तुम्हीच बंद केलीत.”

नियम सोपा होता. आवक झालेल्या अर्जावर अर्जदारानेच बंदचा शेरा मारला, तर नवा अर्ज द्यायचा, तोही तीन महिन्यांनीच. तीन महिन्यांत बोटांचं काय होईल, या विचाराने साहेब गयावया करू लागले. खोडतो, म्हणाले. चुकून झालं, म्हणाले. त्यांच्या खिडकीशी लोक जे जे म्हणत, ते सगळं ते म्हणाले.

एवढ्यात बायको आत आली. तिने ती अकरा पानं डाव्या हाताने बाजूला केली आणि त्या जागी आपला उजवा हात ठेवला.

“माझी तक्रार ही आहे,” ती म्हणाली. “बोटं मिटत नाहीत. तुम्ही मिटवून बघा.”

अधिकारीबाईंनी हळूच ती बोटं धरली. बोटं हलेनात. त्यांनी फोन उचलला, आणि दहा मिनिटांत मोठे डॉक्टर स्वतः जिन्याखाली आले. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि सूज कधी आली ते विचारलं.

“त्याच दिवशी प्लास्टर कापायला हवं होतं,” ते म्हणाले. “आमची चूक झाली, बाई. आजपासून उपचार सुरू करू. चार-सहा महिने जातील, पण कात्री धराल.”

परतताना साहेब बायकोच्या दोन पावलं मागून चालत होते. इतक्या वर्षांच्या संसारात प्रथमच त्यांना तिच्या शेजारून चालायचं धाडस होत नव्हतं. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, “अगं, कागदाने काही व्हायचं नाही, हे तुला कसं कळलं?”

“वीस वर्षांपूर्वी आपल्या नळाला आठवडाभर पाणी नव्हतं, आठवतं?” ती म्हणाली. “तेव्हा माहेरच्या नावाने मी तुमच्या खिडकीत अर्ज टाकला होता. अजून उत्तराची वाट बघतेय.”