तिसरा बॉल

यंदा आमचं कॉलेज फुटबॉलचा कप जिंकणार, असं मी दर पावसाळ्यात म्हणतो. यंदा फरक एवढाच, की मी ते पितळेच्या पट्टीवर कोरूनच ठेवलं होतं. वर ‘विजेता’, खाली कॉलेजचं पूर्ण नाव आणि त्याच्या खाली चालू साल. स्पर्धा सुरू व्हायला तेव्हा दोन महिने बाकी होते.

मी अकरम. नांदेडात आमच्या कॉलेजच्या फाटकासमोर माझं ट्रॉफी आणि मेडलचं दुकान आहे. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या विजयांवर नावं कोरतोय. कॅरम, भजन, रांगोळी, उत्कृष्ट बैलजोडी, सगळ्यांचे कप माझ्या हातून गेले. लातूरच्या कॉलेजांची नावं तर मला झोपेतसुद्धा कोरता येतील, इतक्यांदा कोरलीत. फक्त ज्या कॉलेजात मी शिकलो आणि ज्याच्या टीममध्ये मी तीन वर्षं राखीव गोलकीपर म्हणून बाकावर बसून काढली, त्या कॉलेजचं नाव फुटबॉलच्या कपावर कोरायची वेळ आली नाही. बाकसुद्धा कॉलेजचा नव्हता, चहावाल्याचा होता.

तरी एक दोन फुटी कप मी वरच्या फळीवर राखून ठेवलाय. आमची अम्मी, अमीरबी, दर ईदच्या आधी त्याच्यावरची धूळ पुसते आणि विचारते, “ये कब बिकेगा रे?”

आता तुम्ही म्हणाल, यंदाच एवढा माज कशाचा? तर त्याला कारण होतं. कारणाचं नाव अमरेश.

अमरेश देवणीचा. उंची सहा फूट दोन इंच. घरी देवणी जातीची जनावरं, त्यामुळे लहानपणापासून सुटलेली वासरं अडवायची सवय. त्याच्यापुढे बॉल म्हणजे काहीच नाही. त्याच्याकडे काहीही फेका, तो धरतो. खडू, किल्ली, मेसमधली चपाती. पहिल्या सरावाला आमच्या पोरांनी त्याच्यावर एकोणीस बॉल मारले, एकोणीस त्याने धरले. विसावा मी स्वतः मारला, तोही त्याने धरला आणि वर म्हणाला, “चाचा, जोरात मारू नका, पाय लचकंल.” त्या दिवशी मी दुकानात आलो, सरळ ती पट्टी कोरली आणि फळीवरच्या त्या कपाला बसवून टाकली.

पुढे अश्वजित होता, कंधारहून रोज ये-जा करणारा. सव्वापाचची एसटी पकडायची म्हणून हा पोरगा पाच वाजून दहा मिनिटांनी जो सुटायचा, तो बघत राहावं असा. मी पीडी सरांना म्हटलं होतं, मॅच चारला ठेवा, शेवटची दहा मिनिटं हा एकटा जिंकून देतो. बाकीची नऊ पोरं मिळून साधारण चार पोरांचं काम करायची. पण गोल खायचाच नाही म्हटल्यावर तेवढ्यात भागतं.

मग एके दिवशी पीडी सर दुकानात आले. पीडी सर म्हणजे आमच्या कॉलेजचे खेळाचे शिक्षक शरणप्पा सर, मूळचे उदगीरचे. आले आणि काउंटरवर शिट्टी काढून ठेवली.

“मैदान चाललं बघा, अकरमभाई.”

“कुठं?”

“कुठं म्हंजे? सिमेंटखाली. संस्थेनं नीटच्या क्लासची इमारत बांधली का न्हाई? त्या पोरांच्या गाड्या लावायला जागा पायजे म्हणून राहिले. बापूंच्या मनात आलंय.”

बापू म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या मनात आलेली गोष्ट प्राचार्यांच्या तोंडून दुसऱ्या दिवशी बाहेर पडते आणि तिसऱ्या दिवशी ट्रकमधून खडी येते. मैदान गेलं की टीम गेली. सराव काय फाटकात करणार?

मी मात्र घाबरलो नाही. बावीस वर्षांच्या धंद्यात मी एक गोष्ट शिकलोय. ज्या जागेवर माणसाच्या गळ्यात हार पडतो, त्या जागेवर तो माणूस लगेच खडी टाकत नाही. वर्षभर तरी थांबतो. मी सरांना म्हटलं, “बापूंचा सत्कार ठेवू. सराव शिबिराचं उद्घाटन. शाल, नारळ, स्मृतिचिन्ह. त्यांच्या पायानं पहिला बॉल मारायचा, फोटो काढायचा आणि फोटो मोठा करून त्यांच्या ऑफिसात लावायचा. फुटबॉलचा एवढा मोठा आश्रयदाता पुन्हा त्याच मैदानाचं पार्किंग करंल का?”

सरांनी शिट्टी उचलून खिशात टाकली. “तुमचं डोकं लई चालतं,” म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यात दोनदा ऐकलंय आणि दोन्ही वेळा पुढे वाईटच झालंय.

प्राचार्यांना कल्पना फार आवडली. ती त्यांचीच आहे, असं त्यांनी लगेच सगळ्यांना सांगितलं. सत्कार म्हटल्यावर स्टेज आलं. स्टेज म्हटल्यावर मंडप आला. मंडपवाला आला आणि त्याने गोलच्या शेजारीच दोन हात खोल खड्डे घेतले, कारण दोरी बांधायला गोलचा खांब आयता मिळत होता. मग त्याच्या लक्षात आलं की बापूंच्या तोंडावर ऊन येईल. त्याने मंडप दहा पावलं मागे घेतला. खड्डे जागेवर राहिले.

“बुजवून घे बाबा,” मी म्हटलं.

“कार्यक्रम झाल्यावर सगळे एकदमच बुजवतो की,” तो म्हणाला.

मला ते पटलं. शिवाय गोलसमोरचं मैदान फारच उजाड दिसत होतं, फोटोत वाईट आलं असतं. म्हणून मी त्याच्याकडून हिरवी मॅट मागवली आणि गोलच्या आजूबाजूला छान अंथरून घेतली. तुम्हाला आताच कळलं असेल. मला तेव्हा कळलं नाही.

बापू दहाला येणार होते. अडीचला आले. पोरं सकाळी नऊपासून नव्या जर्सीत रांगेत उभी. दोघांना चक्कर आली, त्यांना नारळाचं पाणी पाजलं. त्यामुळे सत्काराचे दोन नारळ कमी पडले. मराठीच्या दिपाली मॅडम सूत्रसंचालन करत होत्या. त्यांनी साडेचार तासांत त्यांना येत असलेल्या सगळ्या चारोळ्या संपवल्या आणि मग पहिल्यापासून सुरू केल्या.

शेवटी बापू बॉलपाशी आले. पांढरा कुर्ता, पांढरी विजार, पांढरे बूट. अमरेश गोलमध्ये उभा. मी फुलांची परडी घेऊन जाळीच्या मागे.

आता इथे एक रीत असते. पाहुण्याचा पहिला बॉल सोडायचा असतो. क्रिकेटचं उद्घाटन असलं तर पाहुण्याला बॉलिंगही अशी करायची, की त्याच्या बॅटला बॉल आपणहून लागला पाहिजे. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, म्हणून ती कोणी कोणाला सांगत नाही. अमरेशलाही कोणी सांगितली नव्हती.

बापूंनी बॉल मारला. बॉल घरंगळत आला. अमरेशने तो उचलला, छातीशी धरला आणि आम्हा सगळ्यांकडे शाबासकीसाठी बघितलं.

टाळ्यांसाठी उचललेले हात मंडपभर तसेच खाली आले. दिपाली मॅडम मात्र अनुभवी. “आदरणीय बापूंनी आत्ता गोलकीपरची परीक्षा घेतली आहे,” असं त्या म्हणाल्या, “आता ते प्रत्यक्ष गोल करतील.”

बापू हसले. दोन पावलं मागे गेले, पळत आले आणि खरं सांगतो, बॉल चांगला मारला. डाव्या कोपऱ्यात वर. अमरेश सहा फूट दोन इंच हवेत आडवा झाला आणि तो बॉलही काढला. मागे उभी असलेली कॉलेजची पोरं वेड्यासारखी ओरडली. मीही ओरडणार होतो. तेवढ्यात बापूंनी गळ्यातलं उपरणं काढून पीएच्या हातात दिलं आणि बाह्या वर केल्या.

प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. कल्पना आता पुन्हा माझी झाली होती.

मी जाळीला तोंड लावून हळूच म्हटलं, “अमरेश, सोड.”

“काय सोडू, चाचा?”

“बॉल सोड. पाव्हण्याचा हाय.”

“पाव्हण्याचा असला म्हणून काय झालं? गोल आपला हाय की.”

“मैदान पायजे का न्हाई तुला?”

 “हाव” म्हणत त्याने मान हलवली, पण माझ्याकडे न बघता. त्या ‘हाव’चं मला तेव्हाच वाईट वाटलं होतं, हे मी आता कबूल करतो.

बापूंनी तिसरा बॉल मारला. अमरेशला बॉल सोडणं माहीतच नव्हतं. त्याने ते काम बॉल धरतात तितक्याच मनापासून केलं. उलट्या बाजूला पूर्ण ताकदीने झेप घेतली. हिरव्या मॅटवर पडला आणि मॅटने त्याचा उजवा हात कोपरापर्यंत गिळला. खाली मंडपवाल्याचा खड्डा होता. कट्‌ असा आवाज मी जाळीमागे ऐकला.

माइकवर दिपाली मॅडमचा ‘गोऽऽल’ घुमला. मंडप टाळ्यांनी भरून गेला. मीही टाळ्या वाजवल्या. परडी त्या नादात खाली पडली आणि झेंडूची फुलं अमरेशच्या अंगावर सांडली.

प्राचार्यांना आता बापूंना आणखी खूश करायचं होतं. मी आणलेलं स्मृतिचिन्ह त्यांना फारच लहान वाटायला लागलं. त्यांनी शिपायाला माझ्या दुकानात पिटाळलं, सगळ्यात मोठं जे असेल ते आण म्हणून. दुकानात अम्मी बसली होती. तिने वरच्या फळीवरचा कप काढून दिला. “आखिर बिका,” म्हणाली म्हणे. आमच्या कॉलेजचं नाव आणि वर ‘विजेता’ कोरलेला तो कप माझ्या डोळ्यांसमोर बापूंच्या हातात गेला.

कप हातात घेऊन बापू बोलले. अमरेशला तेव्हा दोघं जण धरून रिक्षाकडे नेत होते. बापूंचा चेहरा खरंच काळजीचा झाला होता.

“हे बघा,” ते म्हणाले, “खेळ झालाच पाहिजे. पण मैदान असं? पावलोपावली खड्डे? आज एका लेकराचा हात मोडला. उद्या कोणाची मान मोडेल. मी अध्यक्ष असेपर्यंत हे चालू देणार नाही. पुढच्या महिन्यात इथं सगळीकडं सिमेंट झालं पाहिजे.”

पुन्हा टाळ्या. पीडी सरांची शिट्टी तोंडातच होती. ती त्यांनी वाजवलीही नाही आणि काढलीही नाही.

अमरेशचा हात दोन ठिकाणी मोडलाय. प्लास्टर सहा आठवडे. स्पर्धा तीन आठवड्यांवर, लातूरला. गोलमध्ये आता अश्वजित उभा राहणार आहे आणि लातूरहूनही त्याची कंधारची एसटी सव्वापाचचीच आहे. स्पर्धेचे कप बनवायची ऑर्डर यंदाही माझ्याकडेच आली. “विजेत्याचं नाव स्पर्धा झाल्यावर कळवतो,” लातूरवाले फोनवर म्हणाले. मी म्हटलं, “कळवायचा त्रास कशाला घेता, साहेब.” फाटकातून आत बघितलं की खडीचे दोन ढीग दिसतात. मंडपवाल्याने खड्डे अजून बुजवलेले नाहीत, आता त्याला कोणी म्हणतही नाही.

काल बापूंचा पीए कप घेऊन दुकानात आला. बापूंचं नाव नाही म्हणाला त्याच्यावर. ‘विजेता’च्या खाली त्यांचं नाव मोठ्या अक्षरात टाका आणि कॉलेजचं नाव जरा बारीक करा. मी नवी पट्टी मशीनला लावली.

तेवढ्यात अमरेश आला. खांद्याला पिशवी, गळ्यात अडकवलेला हात. प्लास्टर निघेपर्यंत देवणीला घरी निघाला होता. स्टुलावर बसला आणि मशीनकडे बघत राहिला.

“चाचा, एक विचारू?”

“विचार की.”

“मी पडलो तवा मान वळवून बघितलं. तिसरा बॉल खांबाच्या बाहेरून गेलता ना?”

मी मशीनवरची नजर काढली नाही. “गोल झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.”

“तुमी तर जाळीमागंच होता.”

मशीन थांबलं. मी पट्टीवरचा पितळेचा भुगा फुंकला आणि काहीतरी बोलायचं म्हणून ती त्याच्यापुढे धरली. “नाव सरळ आलंय का बघ.”

त्याने डाव्या हाताने पट्टी घेतली, उजेडात धरून नीट बघितली.

“सरळ हाय,” म्हणाला. “बॉल तेवढा वाकडा गेलता.”