खडीच्या वाटेवर सहाजण

"उल्हास, इन्सीम म्हणजे काय हो?"

बुधवारी सकाळी पावणेसातला मालिनीचा फोन आला आणि 'हॅलो' न म्हणताच तिने विचारलं. उल्हास अमेरिकेतल्या कॅरी गावात आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून गुडघ्यांना मलम चोळत होता. सध्या त्याचा दिवस मलमाने सुरू व्हायचा आणि मलमानेच संपायचा.

"इन्सीम? कशाला हवंय?"

"मला नकोय, तुमच्या अनयाला हवंय. तिचा ईमेल आलाय. हाइट लिहा, इन्सीम लिहा. आमचा शैलेंद्र म्हणतो, चाळीस वर्षं डॉक्टरकी केली, पण शरीरात असा अवयव पाहिला नाही."

"अहो, पायाच्या आतल्या बाजूचं माप. पँटसाठी टेलर घेतो ते. सायकल देताना लागतं."

"हां, मग बरोबर. फ्रान्सच्या सायकलींसाठीच विचारलंय. आपण सगळे जातोय ना सप्टेंबरात!"

उल्हासचा मलमाचा हात गुडघ्यावरच थांबला. 'आपण सगळे' हे दोन शब्द त्याच्या माहितीत नव्हते.

त्याच्या माहितीत होते ते दोघेच. अनया ही त्याची एकुलती एक मुलगी, वय वर्षं अठ्ठावीस, डेन्व्हरला आर्किटेक्ट. एक रविवार सोडून एका रविवारी ती फोन करायची. तब्येत, हवामान, "आईला दे", "लव्ह यू, बाय", असा सात मिनिटांत कारभार आटपायचा. फेब्रुवारीतल्या अशाच एका फोनवर तिने सांगितलं होतं, की सप्टेंबरात ती फ्रान्सला ग्रॅव्हल रायडिंगला जाणार आहे. ग्रॅव्हल म्हणजे खडी, हे उल्हासला ठाऊक होतं. लोक मुद्दाम खडी शोधत फ्रान्सपर्यंत जातात, हे नव्हतं. त्याच्या लहानपणी बार्शीतले सगळे रस्ते खडीचेच होते आणि डांबर कधी पडतंय याच्याकडे अख्खा गाव डोळे लावून बसला होता. पण फोन ठेवता ठेवता अनया म्हणाली, "यू शुड कम, बाबा!"

दुसऱ्याच दिवशी उल्हास दुकानात गेला, जाड टायरची सायकल घेतली, तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढला आणि मुलीला पाठवला. कॉलेजला गेल्यापासून दहा वर्षांत पोरीने बापाला कुठे बोलावलं नव्हतं. आता फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून चार दिवस ती दोघंच असणार होती. एकसष्टाव्या वर्षी त्याला आणखी काहीही नको होतं.

तेव्हापासून दर शनिवारी तो टोबॅको ट्रेलवर सायकल दामटत होता. जुनी रेल्वेलाइन उखडून केलेला हा रस्ता कॅरीजवळच्या भागात बारीक खडीचा आहे, म्हणजे फ्रान्सची रंगीत तालीमच. सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये तो उभा राहायचा. लोकांना वाटायचं, माणूस नेतृत्व दाखवतोय. खरं म्हणजे त्याला बसवत नव्हतं.

आता हे 'आपण सगळे' कुठून आले? दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने अनयाला फोन लावला.

"अनया, मालिनीकाकूंना ईमेल कशाला पाठवलास?"

"फॉर द बाइक साइझेस! शैलेंद्रकाका, मालिनीकाकू, श्रीरामकाका, रेणूकाकू, तू आणि मी. सिक्स रायडर्स. आय गॉट द होल फार्महाउस, बाबा!"

"अगं, पण त्यांना बोलावलं कुणी?"

"तू! यू सेड, चला की तुम्हीही!"

उल्हासला एप्रिलमधला रविवार आठवला. अनया दोन दिवसांसाठी घरी आली होती, म्हणून रेखाने दोन जोडप्यांना जेवायला बोलावलं होतं. जेवणानंतर अनयाने टीव्हीच्या पडद्यावर आपला रूट दाखवला. कालव्याच्या काठची पांढरी वाट, द्राक्षांचे मळे, सकाळीच काय ती उघडणारी गावातली बेकरी. पाहुणे दुसऱ्याच्या नातवंडांचे फोटो बघताना म्हणतात तसं "वा, वा" म्हणाले. अशा वेळी घरच्या माणसाने "चला की तुम्हीही!" म्हणायचं असतं, म्हणून उल्हास म्हणाला होता. भरल्या पोटाच्या माणसाला "अजून एक पोळी वाढू?" विचारतात, तितकाच त्याला अर्थ होता. पाहुणेही "हो हो, का नाही!" म्हणाले होते, कारण तेही तसंच म्हणायचं असतं.

"आणि मग मी दारात सगळ्यांना पुन्हा विचारलं," अनया म्हणाली. "सो यू आर कमिंग? एव्हरीबडी सेड येतो! श्रीरामकाकांनी तर थ्री टाइम्स सांगितलं. एकदा हॉलमध्ये, एकदा बूट घालताना आणि एकदा गाडीतून."

उल्हासने डोळे मिटले. मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. गाडीत बसून दृष्टिआड होईपर्यंत म्हणत राहतो. श्रीरामने तर डोकं खिडकीबाहेर काढून म्हटलं असणार. अमेरिकेत जन्मलेल्या पोरीला घरात मराठी शिकवलं, गणपतीची आरती शिकवली, पण येतो म्हणजे जातो, हे सांगायचं राहून गेलं.

"अनया, अगं ऐक, त्याचं काय आहे..."

"बाबा, आय वॉज सो टच्ड," ती म्हणाली आणि तिचा आवाज जरा ओला झाला. "मला वाटायचं, मी काय करते त्यात तुमच्या कुणालाच इंटरेस्ट नाही. अँड दे ऑल सेड येस."

झालं. यानंतर कुठल्या बापाचं तोंड उघडेल? उल्हास म्हणाला, "हो गं, खूश आहेत सगळे," आणि थंड झालेली भाजी गिळली.

मग त्याने दुसरा मार्ग धरला. पाहुणे आपण होऊन नाही म्हणाले, तर कुणाचंच मन मोडणार नव्हतं. त्याने शैलेंद्रला फोन केला. शैलेंद्र हृदयरोगतज्ज्ञ, नुकताच निवृत्त झालेला, जिना चढताना कठड्याला दोन्ही हातांनी धरणारा.

"शैलेंद्र, तुला झेपेल ना रे? म्हणजे तुला जमत नसेल तर अगदी मोकळेपणाने..."

"पोरीने एवढ्या प्रेमाने विचारलंय, नाही कसं म्हणायचं?" शैलेंद्रचा आवाज दमलेला होता. "तुला काही अडचण नाही ना आमची? असेल तर सांग हं, अगदी मोकळेपणाने."

"छे छे! अडचण कसली!"

"मग झालं तर," शैलेंद्र म्हणाला आणि दोघांनीही फोनच्या दोन टोकांना सुस्कारे सोडले.

श्रीरामकडे त्याने घाबरवण्याचा प्रयोग केला. चढ फार आहेत म्हणाला. श्रीरामने लगेच बॅटरीवर चालणाऱ्या सायकलीची चौकशी केली. वाटेत बाथरूम नाहीत म्हणाला. श्रीराम म्हणाला, "आमचं बालपण मुरबाडजवळ गेलंय, त्याची सवय आहे." शेवटी उल्हासने हुकमी पान टाकलं. "खेड्यांत व्हेजिटेरियन काही मिळत नाही. ब्रेड आणि चीज, चीज आणि ब्रेड." श्रीराम चतुर्थी पाळणारा माणूस. उल्हासला वाटलं, आता येणार नकार.

नकार आला नाही. श्रीरामने बायकोला सांगितलं, रेणूने रेखाला सांगितलं आणि संध्याकाळी रेखा कमरेवर हात ठेवून नवऱ्यासमोर उभी राहिली.

"अहो, सहा माणसं चार दिवस ब्रेडवर काढणार? मी येते. एक व्हॅन घेऊ या. मी व्हॅनमधून पुढे जाईन, कुकर लावीन, तुम्ही मागून या."

"तुला फ्रेंच गाड्या चालवता येतील का?"

"खिचडीला लायसन्स लागत नाही. व्हॅन चालवायला श्रीराम आहे. तो तीन मैलांनंतर सायकलवर राहणार आहे थोडाच!"

रेखाला उभ्या आयुष्यात सायकल आली नव्हती, म्हणून निदान ती तरी या भानगडीतून वगळलेली होती. आता तीही आली. रोज ईमेल येत होते. रेणूने ब्लाउजच्या टेपने सगळ्यांचे इन्सीम मोजले. मालिनीने हेल्मेटमध्ये अंबाडा बसत नाही म्हणून केस कापले. शैलेंद्रने प्रत्येकाचा ईसीजी काढवला आणि सर्वांत काळजीचा निघाला त्याचा स्वतःचाच. तरीही नाही कुणी म्हणेना. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

मे महिन्याच्या शेवटच्या लाँग वीकेंडला अनया सरावासाठी मुद्दाम घरी आली. शनिवारी सकाळी आठला सहाजण, उल्हासची सोडून बाकी मागून आणलेल्या सायकली घेऊन, टोबॅको ट्रेलवर उभे राहिले. मालिनी यापूर्वी सायकलवर बसली होती ती नागपूरला, अकरावीत. श्रीराम समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला "गुड मॉर्निंग" म्हणायला उतरत होता, कारण चालत्या सायकलवरून हात सोडायची त्याची हिंमत नव्हती. शैलेंद्रला सीट कधी उंच वाटायची, कधी बुटकी. अडीच मैलांना पासष्ट मिनिटं लागली. रस्ता जिथे ट्रेलला छेदतो, तिथल्या पार्किंगमध्ये रेखा गाडीची डिकी उघडून तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन उभी होती. चौघेजण गवतावर कोसळले.

"आम्ही जरा पुढे जाऊन येतो," उल्हास म्हणाला.

बापलेक दोघंच निघाली. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, चाकांखाली खडीची करकर. हेच तर त्याला हवं होतं. आणि आता ते मिळालं होतं, तर त्याच्या मांड्या पेटल्या होत्या आणि डोक्यात सात माणसांची खिचडी शिजत होती. एक मैलावर तो थांबला, सायकलच्या हँडलवर कोपरं टेकली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. येतो म्हणजे जातो. आपल्याकडे जाताना जातो म्हणत नाहीत, अशुभ वाटतं. त्यांच्यापैकी कुणालाच फ्रान्सला यायचं नव्हतं.

अनया आधी बघतच राहिली. मग इतकी हसली, की तिला सायकल आडवी टाकून खाली बसावं लागलं.

"थ्री टाइम्स! ही वॉज जस्ट लीव्हिंग!" ती डोळे पुसत म्हणाली. "ओ माय गॉड, बाबा. सो इट्स लाइक आम्ही म्हणतो ना, 'यू शुड कम'. कोणी खरंच येत नाही..."

बोलता बोलता ती थांबली.

उल्हासही थांबला होताच, पण आता आतून थांबला. मागून एक धावणारी बाई "ऑन युअर लेफ्ट" असा इशारा देत निघून गेली.

"म्हणजे फेब्रुवारीत तू मला..." तो म्हणाला.

"बाबा."

"नाही, विचारतोय आपलं. तूही तसंच म्हणाली होतीस?"

अनयाने खडीचा एक दगड उचलला आणि उगाच हातात फिरवला. "हो," ती म्हणाली. "आय जस्ट सेड इट. मी एकटीच जाणार होते. अँड नेक्स्ट डे यू सेंट दॅट फोटो. हेल्मेट उलटं घातलं होतंस."

उल्हासला हेल्मेट उलटं होतं हे आजच कळलं. चार महिने तो एका औपचारिक वाक्यावर सायकल चालवत होता. त्याला मनापासून वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त थकवा आला.

"मग माझंही कॅन्सल करून टाक," तो म्हणाला. "खरं तर गुडघे..."

"बाबा, नो. तसलं नको. काकालोकांसारखं बोलू नकोस." ती उठून उभी राहिली. "डू यू वाँट टू कम? हो की नाही?"

असा प्रश्न उल्हासला साठ वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्याच्या तोंडावर चार वाक्यं आली, "तुला अडचण नसेल तर", "बघू या", "तू म्हणशील तसं" आणि "माझं काय एवढं". ती त्याने एकेक करून गिळली.

"हो," तो म्हणाला. "मला यायचंय. तुझ्याबरोबर. दोघांनीच."

"ओके," अनया म्हणाली. "मलाही तू यायला हवायस. आता खरंच."

दोघं पार्किंगमध्ये परत आली. उल्हास सायकलवरून उतरला नाही, कारण उतरला असता तर धीर सुटला असता.

"ऐका," तो म्हणाला. "तुम्ही कोणी फ्रान्सला येऊ नका. मला माझ्या मुलीबरोबर एकट्याला जायचंय."

पुऱ्या खाणारे हात जागच्या जागी थांबले. कॅरीच्या मराठी मंडळींत असं तोंडावर कुणी कुणाला बोललं नव्हतं. मालिनीने शैलेंद्रकडे पाहिलं, शैलेंद्रने आभाळाकडे पाहिलं आणि तो गवतावर सपशेल आडवा झाला.

"उल्हास, लेका," तो आडव्यानेच म्हणाला, "हे महिन्यापूर्वी बोलला असतास तर मी तुझा फोटो देवघरात लावला असता."

रेणू हसायला लागली, मग मालिनी, मग श्रीरामने उठून उल्हासला चक्क मिठी मारली आणि दोघंही सायकलसकट पडता पडता वाचले. फक्त रेखा पुऱ्यांच्या डब्याजवळ गंभीर उभी होती.

"मीसुद्धा नको का हो?" तिने विचारलं.

"तूसुद्धा नको, रेखा," तो कसाबसा म्हणाला.

रेखाने डबा बंद केला, झाकण नीट दाबलं आणि मोठा श्वास सोडला.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "चार दिवस घर एकटीला मिळणार म्हणून मी फेब्रुवारीपासून खूश होते. मध्ये ही खिचडी आली."

अनया बाटलीतलं पाणी प्यायली आणि तिने सायकल पुन्हा ट्रेलकडे वळवली. "चल बाबा. आणखी नऊ मैल. फ्रान्समध्ये रोज चाळीस आहेत."

उल्हासच्या मांड्यांनी त्याला स्वच्छ मराठीत नाही म्हणून सांगितलं. त्याने पेडल मारलं.